आधी वाळूची पिशवी, मग कुत्रं

मोटरसायकलवर कुत्रं नेणं सुरक्षित आहे का, असं कुणी विचारलं की आम्ही आधी एक हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगात गाडी कशावर आदळली तर बसणारा दणका सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडल्याइतका असतो. तिसऱ्या मजल्यावरून पडलो असं समजा. कुत्रं १० किलोचं असेल आणि पट्टा, पेटी, फोम या सगळ्यांनी मिळून त्याला अर्ध्या मीटरात थांबवलं, तरी पट्ट्यावर सरासरी २०० किलोची ओढ येते. कापडी बॅगेची शिवण आणि प्लॅस्टिकचं बकल ही ओढ सोसेल असं धरून चालू नये. कुत्र्यांसाठीची हेल्मेटं फोटोत छान दिसतात, पण माणसांच्या हेल्मेटला असते तशी मान्यताप्राप्त चाचणी त्यांना नाही. तेव्हा चारचाकीत पिंजऱ्यात बसवून नेण्याइतकं हे सुरक्षित कधीच होत नाही. चारचाकी हाताशी असेल तर हा लेख इथेच सोडून दिला तरी चालेल.

टक्कर आपल्या हातात पूर्णपणे नसते. पण कुत्र्यांना होणारी बरीचशी इजा टक्कर न होताच होते. सिग्नलला उडी मारणं, पट्ट्याला लटकणं, सायलेन्सरला पाय लागणं, डोळ्यात खडा जाणं, ऊन लागणं. हे सगळं ताशी शून्य ते तीस किलोमीटरच्या वेगातही होतं आणि यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

स्कूटरच्या फूटबोर्डवर उभं राहून वारा खाणारं कुत्रं सगळ्यात जास्त दिसतं, आणि बहुधा ते कशालाच बांधलेलं नसतं. गुळगुळीत रबरावर नखं रुतत नाहीत. ब्रेक लागला की छाती समोरच्या पत्र्यावर आपटते, वळणावर मागचे पाय बाहेर घसरतात. चालवणाऱ्याचे गुडघे फाकलेले, पाय टेकायला जागा नाही, म्हणून गाडी नेमकी थांबताना कलंडते. मागे बसलेल्याने कुत्र्याला कवेत धरणं हा दुसरा लाडका प्रकार. जोरात ब्रेक मारला तर १० किलोच्या कुत्र्याची ओढ सहा-सात किलोची असते आणि ती हात सहज सांभाळतात. त्यामुळेच धरणाऱ्याला वाटतं की आपण घट्ट धरलंय. टक्कर झाली तर तोच आकडा दोनशेवर जातो.

छातीवर लटकवायची बॅग आम्ही कुणालाच सुचवत नाही. समोरून आदळल्यावर कुत्रं टाकी आणि चालवणाऱ्याची छाती यांच्यामध्ये चेपतं. पाठीवरची बॅग त्यातल्या त्यात बरी, तीही चार-पाच किलोच्या कुत्र्यासाठी आणि जवळच्या अंतरासाठी. पाठीवर पडलात तर खाली कुत्रं असणार, एवढं लक्षात ठेवायचं. टाकीवरच्या पेटीत कुत्रं डोळ्यांसमोर राहतं, पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं का आणि कुत्र्याने मान उंचावल्यावर मीटर व आरसे दिसतात का, हे उभ्या गाडीवर तपासावं लागतं. बहुतेक गाड्यांवर जमते ती मागच्या सीटवरची पेटी, १० ते १२ किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी. त्याहून मोठं कुत्रं असेल तर साइडकार. लॅब्रेडॉरला दोन चाकांवर बसवायची युक्ती आमच्याकडे नाही.

काही कुत्र्यांच्या बाबतीत विषय इथेच संपतो. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकून अंग गार करणं मुळात जड जातं. डॅशहंडच्या लांब पाठीला खड्ड्यांचे दणके नकोत. संधिवात झालेलं म्हातारं, फिट येणारं, गाभण, टाके ताजे असलेलं, लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू, यांनाही नको. आणि जे कुत्रं ‘बस’ म्हटल्यावर घरातही बसत नाही, ते गाडीवर बसणार नाही.

आता पेटी. तळ कडक हवा, १२ मिलिमीटर प्लायवूड किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा. वरून नुसतं कापड ताणलेलं असेल तर कुत्र्याच्या पायाखालची जमीन हलत राहते आणि ते बसायलाच तयार होत नाही. तळावर पाणी न शोषणारा तीन-चार सेंटिमीटर जाडीचा फोम, त्यावर खरखरीत रबराची चटई, कोपऱ्यांत पाणी निघायला भोकं. बाजू कुत्र्याच्या खांद्याइतक्या उंच. घरातल्या पिंजऱ्याला ‘फिरता यावं, ऐसपैस झोपता यावं’ हे माप लावतात. ते इथे लावायचं नाही. ऐसपैस पेटीत प्रत्येक ब्रेकला कुत्रं एका भिंतीवरून दुसरीवर आदळतं. अंग दुमडून झोपता येईल आणि उठून तोंड फिरवता येईल, एवढीच जागा पुरते.

पेटी बसवताना चार ठिकाणी ८ मिलिमीटरचे बोल्ट, नायलॉनची रिंग असलेले नट, आणि प्लायच्या बाजूने मोठे वॉशर. छोटा वॉशर लाकडात रुततो, मग बोल्ट सैल झाल्याचं कळतसुद्धा नाही. सामान बांधायच्या लवचिक दोऱ्या चालणार नाहीत. त्या ताणल्या जाण्यासाठीच बनवलेल्या असतात. पेटी धरून जोरात हलवून बघायची. हलवल्यावर अख्खी गाडी डुलली पाहिजे आणि पेटी व गाडी यांच्यात काहीच हलता कामा नये.

जागा शक्य तितकी पुढे, मागच्या चाकाच्या आसाच्या पुढेच. पेटी आणि कुत्रं मिळून १४ किलो धरा. ते वजन आसाच्या २५ सेंटिमीटर मागे, कॅरियरवर ठेवलं आणि दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर असेल, तर पुढच्या चाकावरचा भार पावणेतीन किलोने कमी होतो आणि मागच्यावर पावणेसतरा किलोने वाढतो. आकडा छोटा वाटतो, पण कुत्रं उभं राहिलं, हललं की हँडल हलकं पडल्याचं लगेच जाणवतं. कॅरियरवर किती किलो चालतात हे बहुतेक गाड्यांत त्याच्यावरच किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते वाचून अनेकांचा बेत बदलतो. टायरची हवा दुहेरी सवारीसाठी सांगितलेली भरायची आणि मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करायची.

पेटी तयार झाली की पहिली फेरी वाळूची. कुत्र्याचं वजन काढायचं (त्याला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं), तेवढी वाळू जाड पिशवीत भरून ती पेटीत ठेवायची आणि ज्या हार्नेसने (छाती-पोटाभोवती बसणाऱ्या पट्ट्यांनी), ज्या हुकांनी कुत्र्याला बांधणार, त्यांनीच पिशवी बांधायची. मग दहा-पंधरा किलोमीटर, नेहमीच्या रस्त्याने. रिकाम्या जागी तीन-चार वेळा कडक ब्रेक, दोन्ही बाजूंना अरुंद वळणं, स्पीडब्रेकर. परतल्यावर बघायचं की पिशवी कुठे सरकली, हार्नेसची पट्टी बकलातून किती निसटली, कुठल्या कडेला कापड घासलं. सायलेन्सरच्या वर येणाऱ्या तळाला हात लावायचा. दहा सेकंद हात ठेववत नसेल तर मध्ये पत्रा घालून हवा खेळायला जागा करायची किंवा पेटी सरकवायची. बोल्ट पुन्हा आवळायचे. पहिल्या वीस किलोमीटरांत एखादा पाव फेरा फिरतोच. हे करताना लोक हसतात, हसू द्यावं. पट्ट्यातून निसटलेली वाळूची पिशवी पुन्हा उचलून ठेवता येते.

बांधायचं कसं, यावर सगळ्यात जास्त चुका होतात. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधायचं नाही. कुत्र्याने बाहेर उडी घेतली तर ते फासावर लटकतं आणि चालणाऱ्या गाडीवर मागे काय चाललंय ते कळायला वेळ लागतो. छाती आणि पोट दोन्ही धरणारा हार्नेस हवा. साध्या हार्नेसमधून कुत्रं मागे मागे सरकत, खांदे आवळून बाहेर येतं. बरगड्यांच्या मागे, पोटाच्या अरुंद भागावर आणखी एक पट्टी असलेला हार्नेस घेतला तर ही पळवाट बंद होते. पट्टी आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील एवढा सैलपणा ठेवायचा.

हार्नेसपासून तळाच्या दोन बाजूंना दोन छोटे पट्टे. एकच असेल तर कुत्रं त्याच्याभोवती फिरून पाय अडकवून घेतं. लांबी ठरवायची रीत सोपी आहे. कुत्र्याला पेटीत उभं करायचं, खाऊ पेटीच्या कडेबाहेर धरायचा आणि त्याला पुढे येऊ द्यायचं. हनुवटी कडेवर टेकली पाहिजे, छाती कडेपर्यंत येता कामा नये. छाती कडेवर आली की उरलेलं अंग बाहेर जायला एक उडी पुरते. ही तपासणी चारही बाजूंनी करायची; पुढे बरोबर असलेली लांबी बाजूला जास्त निघते, कारण पेटी लांबट असते.

हुक नीट निवडा. नेहमीच्या पट्ट्यांना असतो तो चकचकीत हुक बऱ्याचदा ओतीव जस्ताचा असतो आणि धक्क्याला कडकन तुटतो. त्याऐवजी गिर्यारोहणाचं, वजनाची क्षमता कोरलेलं, स्क्रूने बंद होणारं कॅराबिनर घ्यावं. पट्टे पेटीच्या तळातून जाऊन खालच्या बोल्टलाच अडकलेले असले तर उत्तम; पेटीच्या भिंतीला रिबीट मारलेल्या कडीवर भरवसा नको. स्वतःच्या कमरेला कुत्रं बांधणारेही असतात. गाडी घसरली तर चालवणारा एकीकडे आणि कुत्रं त्याच्यामागे फरफटत, असा तो प्रकार आहे.

पेटीची ओळख घरातच करून द्यायची, गाडीपासून दूर. जमिनीवर ठेवलेल्या पेटीत जेवण, पेटीत खाऊ, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. तीन-चार दिवसांत कुत्रं आपणहून आत जाऊन बसू लागलं की हार्नेस, मग चष्मा. त्यानंतर पेटी गाडीवर, गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. साइड स्टँडवर कुत्रं चढवायचं नाही. ते उलट्या बाजूला झुकलं की गाडी त्याच्यासकट आडवी होते. मग इंजिनचा आवाज, आधी कुत्रं दहा पावलं लांब असताना, रोज थोडं जवळ आणत. आवाजाची सवय झाल्यावर इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलत नेणं. ही पायरी बरेच जण गाळतात. हालचाल आणि आवाज या दोन वेगळ्या भीती आहेत, त्या एकाच दिवशी समोर आणल्या तर कुत्रं दोन्हींना घाबरतं. पहिली खरी फेरी पाचशे मीटर, नंतर दोन किलोमीटर. एवढ्याला दोन आठवडे लागतात, काहींना महिना.

भीती ओळखायला खाऊसारखं मोजमाप नाही. नेहमी झडप घालून घेणारं कुत्रं नाकासमोरचा आवडता तुकडा घेत नसेल तर एक पायरी मागे जायचं. वारंवार जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली, विनाकारण लाळ, हीही त्याचीच लक्षणं. कुत्रं अगदी गप्प गोठून बसलं तर लोक ‘शहाणं आहे’ म्हणतात. बऱ्याचदा ते घाबरून थिजलेलं असतं. झोपेचं औषध देऊन नेऊ नये. त्याने तोल जातो, रक्तदाब उतरतो आणि अंगाचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते. उलटी होत असेल तर पशुवैद्य मॅरोपिटंटसारखं उलटीवरचं औषध सुचवू शकतात. ते गुंगीचं नव्हे. निघण्याआधी तीन-चार तास जेवण द्यायचं नाही, पाणी चालेल.

डोळ्यांना चष्मा हवाच. पन्नासच्या वेगात वाळूचा कण बुबुळावर ओरखडा काढतो. चष्म्याची कड पापणीला लागत नाही ना आणि पंजाने ओढला तरी तो जागेवर राहतो ना, हे घरी बघायचं. फेरीनंतर एक डोळा मिटलेला, पाणी येतंय, पंजाने चोळणं चालू आहे असं दिसलं तर सलाइनच्या पाण्याने धुवायचा. तासाभरात नीट उघडला नाही तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. ते फ्लोरेसिन नावाचा रंग टाकून बघतात, ओरखडा असेल तिथे हिरवं चमकतं. घरातले जुने थेंब टाकू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम भरत नाही, उलट चिघळते. कानांसाठी डोक्यावरून ओढायची मऊ कापडी टोपी पुरते. तिने लांब कान फडफडत नाहीत आणि वाऱ्याचा आवाजही थोडा दबतो. कानात कापूस कोंबायचा नाही.

उन्हाचं गणित चालत्या गाडीवर फसवं असतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याहून थोडं जास्तच. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत, त्यामुळे गार होण्याचा खरा मार्ग धापा टाकणं हाच. गाडी चालू असते तोवर वारा लागतो, पण मागच्या पेटीसमोर आपली पाठ असते, तिथे वारा आपल्याला वाटतो तेवढा पोचत नाही. सिग्नलला थांबलो की वरून ऊन, खालून इंजिनची धग. काळ्या फरच्या कुत्र्याच्या पाठीवर अशा वेळी हात ठेवून बघा. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच निघायचं, पेटीवर सावली हवी आणि भिंतींना खालच्या बाजूने झरोके. जीभ रुंद होऊन टोक वर वळलं, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली की लगेच सावलीत थांबायचं. नळाचं साधं गार पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा आणि ते करत करतच डॉक्टर गाठायचा. तापमान ४१ च्या वर गेलं तर आतले अवयव निकामी होऊ लागतात. थर्मामीटर जवळ असेल तर साडेएकोणचाळीसला पाणी थांबवायचं, नाहीतर ते खाली घसरत राहतं.

साइडकारबद्दल थोडक्यात. तळ खाली, कुत्रं आडवं पडू शकतं, म्हणून मोठ्या कुत्र्याला तीच योग्य. पण हलकी साइडकार ज्या बाजूला लावलेली आहे त्या बाजूला वळताना तिचं चाक उचललं जातं, आणि २५ किलोचं कुत्रं मोटरसायकलकडच्या कडेला सरकलं की ते आणखी लवकर उचलतं. तळाला वीस-तीस किलोचं वजन बोल्टने पक्कं केलं की हा प्रकार बराच कमी होतो. तीन चाकांची गाडी झुकत नाही, हँडल ओढून वळवावी लागते. हे मोकळ्या मैदानात कुत्र्याशिवाय शिकून घ्यायचं. पट्टे आणि हार्नेस इथेही तसेच.

चालवताना ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वर जायचं नाही आणि पुढच्या वाहनापासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट. अचानक ब्रेक लागू नये यासाठीच ते अंतर असतं. पाऊण तासाला थांबून पाणी, पाच मिनिटं चालणं. भटकी कुत्री भुंकत मागे लागली तर वेग वाढवायचा मोह होतो. आपलं कुत्रं त्याच वेळी उठून उभं राहतं आणि वजन वर सरकतं. हँडल सरळ, वेग तोच, हळूहळू पुढे निघून जायचं. सिग्नलला थांबताना दोन्ही पाय खाली. शेजारच्या फुटपाथवरचं मांजर तुम्हाला दिसण्याआधी तुमच्या कुत्र्याला दिसलेलं असतं.

पोचल्यावर घाई होते, म्हणून उतरवण्याचा क्रम ठरलेला असावा. इंजिन बंद, मेन स्टँड, हेल्मेट काढून बाजूला. आधी फिरायचा पट्टा हार्नेसला लावायचा, मगच पेटीतले दोन हुक काढायचे. कुत्रं एक क्षणही कशालाच न बांधलेलं राहता कामा नये. ‘ये’ म्हणेपर्यंत बसून राहायचं, हे घरी पेटीशी शिकवलेलं असतंच. उडी मारू द्यायची नाही, दोन्ही हातांनी उचलून सायलेन्सर नसलेल्या बाजूला ठेवायचं. त्याआधी डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला धग सोसली नाही तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

मग डोळे, पंजे, काखेत हार्नेसने घासलेली जागा. पाणी पितंय का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी पेटी जमिनीवर ठेवून झाकण उघडायचं आणि कुत्र्याला हाक न मारता बाजूला उभं राहायचं. ते आपणहून आत गेलं तर पुढची फेरी. वास घेऊन पलंगाखाली गेलं, तर ती पेटी आठवडाभर माळ्यावर.